पाषाणातील काव्य आणि त्याचा विस्मृत शिल्पकार

कोणतीही वास्तू उभी राहते ती दात्याच्या द्रव्याने, शिल्पकाराच्या बुद्धीने आणि कारागिरांच्या श्रमाने. काळाच्या ओघात दात्याचे नाव शिलालेखावर टिकते. शिल्पकाराचे मात्र बहुधा लोपते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची भव्य इमारत नित्य पाहणाऱ्यांपैकीही तिच्या शिल्पकाराचे नाव सांगू शकणारे विरळाच.

हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड (१८९२–१९७७) हे ते शिल्पकार. नवी दिल्लीच्या उभारणीत हर्बर्ट बेकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. दिल्लीतील कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन व सेक्रेड हार्ट कॅथेड्रल ही त्यांचीच निर्मिती. तथापि लुटियन्स व बेकर यांच्या कीर्तीपुढे त्यांचे नाव झाकोळले गेले.

मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी नागपूर येथे ९ जानेवारी १९३६ रोजी उच्च न्यायालय स्थापन झाले. बरोबर एक वर्षाने, ९ जानेवारी १९३७ रोजी, गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. ४०० फूट लांब व २३० फूट रुंद आयताकृती आराखडा, दोन मजले आणि मध्यभागी भूमीपासून १०९ फूट उंचीचा घुमट, अशी तिची रचना आहे. घुमटाच्या दोन्ही अंगांस समतोल विस्तार आणि अलंकरणापेक्षा प्रमाणबद्धतेवर भर, ही ग्रीक-रोमन अभिजात शैलीची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात. बांधकामास ७,३७,७४६ रुपये खर्च आला. ६ जानेवारी १९४० रोजी उद्घाटनप्रसंगी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी या वास्तूस ‘पाषाणातील काव्य’ म्हणून गौरविले.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपुष्टात आले व येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. राजधानीचा मान गेला, तरी वास्तूची प्रतिष्ठा मात्र उणावली नाही.

या इमारतीची एक गोष्ट आपणांस विशेष बोधप्रद आहे. बाहेरून संपूर्ण दगडी भासणाऱ्या तिच्या भिंती दर्शनी बाजूस घडीव वालुकाश्माच्या, तर आतून विटांच्या आहेत. हे दृष्टीस पडत नाही. बांधकामाच्या नोंदींवरूनच कळते. ज्यास ते ठाऊक नाही, त्याच्या हातून दुरुस्तीच्या नावाखाली हानीच होण्याचा संभव अधिक.

आपल्या परंपरेत नवमंदिर निर्मितीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट मानले आहे. परंतु मूळ बांधणीचे ज्ञान नसता जीर्णोद्धार करावा कसा? राणकपूरच्या चौमुख जिनालयाच्या इ. स. १४३९ च्या शिलालेखात श्रेष्ठी धरणाशाह यांच्यासह सूत्रधार देपाक याचेही नाव कोरलेले आहे. दात्याच्या नावाशेजारी शिल्पकारास स्थान देणारी ही दृष्टी आपल्या पूर्वजांचीच होय.

सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल पर्वात आपल्या मंदिरे, धर्मशाळा व उपाश्रयांचे मूळ नकाशे, दगडाची खाण, शिल्पकार व कारागीर यांची माहिती जाणत्या वडीलधाऱ्यांकडून मिळवून दप्तरी जतन करावी. ज्यांना हे स्मरते ते हयात आहेत, तोवरच हे कार्य शक्य आहे. पुढील पिढीच्या हाती वास्तूबरोबर तिची वहीही सोपविणे, हेच विश्वस्तपणाचे खरे कर्तव्य होय.