एक बटण, दोन अर्थ

इथे बिरकत अल अवामेरला गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळताना मी एक घोळ घातला. लॉग फाइल वाचायला सोपी जावी म्हणून व्हिममध्ये एफ-५ दाबलं की एरर नसलेल्या सगळ्या ओळी उडाव्यात, असं करून ठेवलं होतं. सवयीने तेच बटण साठ्याच्या फाइलीत दाबलं, वर सेव्हही केलं. भर उन्हात माल पुन्हा मोजला!

ईमॅक्सवाल्यांना हे दुखणं नाही. १९७६ साली एमआयटीत सुरू झालेल्या ईमॅक्सच्या १९८५ च्या जीएनयू अवतारात प्रत्येक मोडचा स्वतःचा कीमॅप होता. इनपुट मेथडसुद्धा त्या-त्या बफरपुरती, म्हणजे एकीकडे कोड, शेजारी आईला देवनागरीत पत्र. (हेवा वाटतो, पण सवय सुटत नाही.)

व्हिममध्ये पूर्वी ऑटोकमांड लिहून फाइलीत शिरताना मॅपिंग लावा, निघताना काढा, असा उद्योग करावा लागे. ब्रॅम मूलेनार यांनी २००१ च्या ६.० आवृत्तीत फाइलप्रकारानुसार प्लगइन आणले. मॅपिंगमध्ये कोनी कंसात ‘बफर’ लिहिलं की ते त्या फाइलीपुरतंच राहतं.

म्हणजे सोय कधीचीच होती. माझं मॅपिंग मात्र थेट व्हिमआरसीत, सगळ्या फाइलींना लागू.