घरच्या तर्काभ्यासाकडे वळताना

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचे पालक गणिताची आणि भाषेची तजवीज लवकर करतात. तर्कशास्त्राची पाळी मात्र उशिरा येते, पुष्कळदा येतच नाही. त्यात त्यांना बोल लावण्याजोगे काही नाही. आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातही हा विषय अकरावी-बारावीला, तोही ऐच्छिक म्हणून भेटतो. पण ‘कशावरून?’ हा प्रश्न मूल त्याच्या कितीतरी आधी विचारू लागते. त्या प्रश्नाला शिस्त लावणारे शास्त्र आपल्याकडे किती जुने आणि किती समृद्ध आहे, ते वाचकांनी एकदा सवडीने पाहावे, एवढीच विनंती आहे.

सुरुवात अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून करता येईल. सतराव्या शतकातला हा छोटासा ग्रंथ नवशिक्यांसाठीच रचलेला आहे आणि पाठशाळांतून आजही न्यायशास्त्राच्या प्रवेशासाठी शिकवला जातो. मुलांपुढे तो सगळा ठेवण्याची गरज नाही. त्यातले एक अनुमान पुरे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे दुसऱ्याला पटवून द्यायचे तर नैयायिक पाच पायऱ्या सांगतात: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). तिसऱ्या पायरीवर थोडे रेंगाळा. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ एवढे म्हणून तिथे भागत नाही. हे कुठे पाहिले तेही सांगावे लागते. परंपरेने दिलेले उत्तर आहे, स्वयंपाकघरात.

आता मुलाला तुमच्या स्वयंपाकघरात न्या. गॅस पेटलेला आहे आणि धूर नाही. मग नियम मोडला का? उत्तर सांगण्याची घाई करू नका. मोडला तो उलटा नियम, ‘जिथे अग्नी तिथे धूर’. मूळ नियमाला धक्काही लागलेला नाही. जुन्या ग्रंथांत याच जागी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा येतो, आणि धूर निघायला विस्तवाबरोबर ओले सरपणही लागते, हा खुलासाही. पावसाळ्यात घाटात गेलात तर पुढचा पाठ आयताच मिळतो: समोर दिसते ते धुके असेल, तर हेतूच नाहीसा झाला, अनुमान उभे कशावर राहणार? अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी मुलांना विचार करायला शिकवण्यासाठी १९७४ साली एक कादंबरी प्रसिद्ध केली. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, पण सूर्याभोवती फिरणारे सगळेच ग्रह नसतात, हे तिच्यातल्या मुलाला धूमकेतूमुळे उमगते. इतक्या दूरच्या दोन परंपरा नवशिक्याला नेमक्या याच वळणावर आणून उभे करतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

गॅसच्या शेगडीपुढे अर्धा तास रमण्याची मुभा घरी शिकणाऱ्या मुलाला असते, हे त्याचे भाग्य. एक उणीव मात्र आहे. ‘मला नाही पटत’ म्हणणारे शेजारच्या बाकावरचे मूल घरात नसते, आणि शेवटचा शब्द आईबाबांचा असतो. प्रतिपक्षावाचून तर्क वाढत नाही. म्हणून घरात तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. या विषयाचे मर्म मी इथे मानतो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता नुसते खंडन करणे ही वितंडा. मुलाशी यातला पहिला प्रकार करायचा आहे. झोपायची वेळ कोणती, मांजर पाळावे की नाही, असा घरातला खरा प्रश्न घ्या. मुलाने पक्ष मांडावा, तुम्ही प्रतिपक्ष. मग बाजू बदला. मुलाचा हेतू टिकला तर घरातला निर्णयही बदलला पाहिजे. नाहीतर तर्काचा काही उपयोग नसतो, एवढेच मूल शिकेल. हेत्वाभासांची, म्हणजे फसव्या हेतूंची, नावे मात्र उशिरा द्यावीत. ती हाती लवकर आली, की मुले समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरतात आणि वादाचा जल्प होतो.

मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले, की आगरकरांकडे वळावे. १८८८ साली त्यांनी सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातला एखादा निबंध दोघांनी मिळून वाचावा. प्रतिज्ञा कोणती, हेतू कोणता, उदाहरण कुठे अपुरे पडते, हे पेन्सिलीने समासात लिहावे. आणि त्यानंतर, आगरकर तुम्हाला कितीही प्रिय असले तरी, त्यांचा प्रतिपक्ष मुलाला मनापासून मांडू द्यावा.