दोष हवेचा नव्हे, पिनेचा
२५ डिसेंबर १९२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर महाडला आले ते पाण्याच्या वाटेने. मुंबईहून आगबोट, मग बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत शिरून दासगाव बंदर, आणि तिथून सुमारे पाच मैलांवर महाड. त्या काळात तालुक्यात यायची ही रुळलेली वाट होती. पुढच्याच वर्षी महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल उभा राहिला (२ ऑगस्ट २०१६च्या रात्री जो पुरात कोसळला, तोच). १९३०मध्ये अमेरिकेत गॅल्विन कंपनीने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. पूल आणि रेडिओ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दासगावचे पुढचे दिवस या दोन्हींनी घडवले. बंदर मागे पडले, हमरस्ता पुढे आला, आणि माणसांबरोबर त्यांची गाणीही होडीतून उतरून चाकांवर चढली. चाकांवरच्या गाण्याला एक दुखणे कायमचे जडले आहे. गाडी खड्ड्यात आदळली की एका बाजूचा स्पीकर बंद, पुढच्या खड्ड्यात पुन्हा चालू. अँप्लिफायरची इनपुटची पिन ढिली झाली, हे त्याचे कारण गॅरेजवाल्यापासून चालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. ती ढिली का होते, असे विचारले तर मात्र उत्तर ठरलेले: कोकणची हवा. हे उत्तर मला पटत नाही. पिनेचा इतिहास पाहिला तर दोष दुसरीकडेच सापडतो.

जुन्या मोटार रेडिओला ही पिन नव्हतीच. व्हॉल्व्ह, त्यांना लागणारा जास्त दाब बॅटरीतून तयार करणारा व्हायब्रेटर आणि आवाज मोठा करणारा भाग, हे सगळे सहसा एकाच संचात असे. बाहेरून यायची ती अँटेनाची वायर. आपल्याकडे रेडिओला सरकारी परवाना लागे, त्यामुळे गाडीत रेडिओ ही साहेबी चैनच राहिली. चित्र पालटले ते कॅसेटने. फिलिप्सने १९६३मध्ये ती आणली. १९८३च्या अखेरीस मारुती ८०० आली, पाठोपाठ ट्रॅक्स, पुढे १९९४मध्ये सुमो, आणि रायगडात सगळ्यांत जास्त बोलकी ठरलेली मिनीडोर. प्लेअरचा आवाज पुरेना, म्हणून सीटखाली वेगळा अँप्लिफायर बसू लागला. परदेशी बनावटीचा ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी स्थानिक कारागीर ४४४० नंबरची आयसी घालून डबा तयार करून देत. बारा व्होल्टवर चालणारी ही आयसी तशा डब्याला पुरून उरे. पण प्लेअर आणि अँप्लिफायर असे दोन डबे झाले, तेव्हा त्यांच्यात आवाज नेणारी वायर आली, आणि वायरीच्या टोकाला घरातल्या म्युझिक सिस्टिमची पिन जशीच्या तशी उचलून लावली गेली.

ही आरसीए पिन १९३०च्या दशकातली आहे. रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात असलेले संच तेव्हा अमेरिकी दिवाणखान्यांत असत. त्यांच्या आतले भाग जोडायला आरसीए कंपनीने ही स्वस्त, सोपी पिन काढली. दुरुस्तीच्या वेळी उपसायची, काम झाले की परत खोचायची, एवढेच तिचे काम. तिला खटका नाही, आटे नाहीत; बाहेरची कडी स्वतःच्या ताणावर जेवढी धरेल तेवढी धरते. भिंतीला टेकून वर्षानुवर्षे उभ्या असणाऱ्या कपाटात ते पुरेसे होते. पुढे खर्च वाचवायला तिचे सॉकेट पत्र्याच्या चेसिसवर नटाने आवळण्याऐवजी थेट सर्किटच्या पाटीवर बसवले गेले. मग वायरीचा प्रत्येक हिसका, गाडीची प्रत्येक थरथर थेट दोन-चार डाखांवर येऊ लागली.

असा अँप्लिफायर उघडून पाटी उलटी धरावी आणि सॉकेटच्या पायांकडे भिंगातून पाहावे. डाखाच्या टेकडीभोवती केसाएवढी गोल चीर दिसते, अंगठी घातल्यासारखी. लाकडी काडीने पाय हलवला की आवाज येतो-जातो. पुष्कळदा आधी सुटतो तो बाहेरच्या कडीचा, म्हणजे अर्थचा पाय, कारण वायरीचा भार त्याच्यावर असतो. तो सुटला की गाणे बंद पडण्याआधी भुणभुण सुरू होते आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. दोष नेमका कुठे आहे ते कळायला डाव्या-उजव्या पिनांची अँप्लिफायरपाशी अदलाबदल करतात. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष वायरीत किंवा प्लेअरमध्ये; तोच स्पीकर मुका राहिला तर अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. नुसती सोल्डरिंग गन टेकवून जुना डाख वितळवला तर काम चार दिवस टिकते. जुना डाख पूर्ण काढायचा, पाय खरवडून उजळ करायचा, राळेची पेस्ट लावून नवा डाख द्यायचा, आणि पाटीवरचे तांबे उचलले गेले असेल तर वेगळी तार टाकायची, ही खरी रीत.

आता हवेकडे येऊ. सावित्रीच्या खाडीचे पाणी भरतीला दासगावपर्यंत चढते, पावसाळा चार महिने मुक्काम ठोकतो; धातूवर कळक चढणारच, हे खरे. पण कळकीने बिघडलेला सांधा हिरवट-पांढरा दिसतो. अंगठीसारखी ती चीर बहुतेकदा स्वच्छ, करडी असते. तो धातू थरथरून थकून तुटलेला असतो, सडून नव्हे. २०२१च्या जुलैत महाड पुराखाली गेले. अशा पुरात बुडालेल्या सेटमध्ये गाळ बसतो, आयसीचे पाय खाल्ले जातात, पाटीवरच्या रेषा नाहीशा होतात. त्या आजाराची लक्षणे वेगळी. शिवाय त्याच डब्यावर, त्याच हवेत, स्पीकरच्या आणि बॅटरीच्या वायरी स्क्रूने आवळलेल्या असतात. त्यांची तक्रार त्या मानाने फार कमी येते. मच्छीमार बोटीवरच्या व्हीएचएफ सेटइतके खारे वारे तर कुठल्याच गाडीला लागत नाहीत, पण तिथली अँटेनाची पिन आट्यांवर फिरवून घट्ट बसवलेली असते. आणि ज्या मुलुखात वर्षाकाठी जेमतेम पाऊस पडतो तिथल्या गाड्यांतही इनपुट पिना ढिल्या होतातच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दोष बसवणाऱ्याचा. अँप्लिफायर थेट सबवूफरच्या खोक्यावर ठोकायचा, वायर ताणून ओढायची, वर कोपऱ्यात दडपायची, असे काम सर्रास चालते आणि त्याने पिनेचे आयुष्य घटते, यात शंका नाही. रस्त्याचाही वाटा आहेच. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या कित्येक गणपतींना चाकरमान्यांनी कसला प्रवास केला हे नव्याने सांगायला नको. १९९३मध्ये कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, तरी महाड शहराला स्टेशन नाही. वीरला उतरून पुढे गाडीच धरावी लागते, म्हणजे चाकांचा धंदा रेल्वेने कमी केला नाही. पण वाईट रस्ता आणि आळशी कारागीर हे पिनेला लवकर मारतात, एवढेच. चांगल्या रस्त्यावर, नीट बसवलेल्या गाडीतही मोटार थरथरतेच, आणि खटका नसलेली पिन थरथरीला कधीतरी हरणारच. गाडीत जे थरथरते ते आवळून किंवा खटक्याने बसवावे, हे मोटार बनवणाऱ्यांना माहीत नव्हते असे नाही; गाडीच्या स्वतःच्या वायरिंगमधले प्लग खटक्याचेच असतात. आवाजाची पिन तेवढी बाहेरच्या बाजारातून, दिवाणखान्याच्या सवयीने आली.

म्हणून गॅरेजमध्ये ‘डायरेक्ट’ करण्याची जी रीत आहे, ती मला जुगाड वाटत नाही. सॉकेट काढून टाकतात, वायर थेट पाटीला डाख देऊन जोडतात आणि पत्र्याला क्लिपने बांधतात, म्हणजे हिसका डाखापर्यंत पोचत नाही. याने सेट काढणे-घालणे अवघड होते आणि विकताना किंमत उतरते, हा यावरचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. त्याचे उत्तर सोपे आहे: वीतभर वायर बाहेर सोडून जोड तिच्या टोकाला द्यावा. पिन तीच राहते, उपसताही येते, पण पाटीवर भार पडत नाही. सीटखाली मावणाऱ्या लहान अँप्लिफायरांत आणि बोटींसाठी बनवलेल्या काही सेटमध्ये आता कंपन्याच खटक्याच्या प्लगमधून अशी शेपटी बाहेर काढून देतात, आणि आरसीएचे सॉकेट तिच्या टोकाला असते.