नौकांची पावसाळी साठवण

नौकांची पावसाळी साठवण म्हणजे पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून किंवा खाडीत सुरक्षित नांगरून ठेवणे आणि तिचे इंजिन, नळ्या, टाक्या व सांगाडा पुढील हंगामापर्यंत टिकतील अशी तयारी करणे. कोकण किनाऱ्यावर नौकेवर आच्छादन घालण्याच्या कामाला शाकारणी असे म्हणतात. व्यवहारात हा शब्द साठवणीच्या सर्व कामांसाठीही वापरला जातो. या कामाचे मुख्य सूत्र दुहेरी आहे : यंत्रणेच्या आत राहिलेले खारे पाणी पूर्णपणे काढून टाकणे आणि पावसाचे गोडे पाणी नौकेत साचू न देणे.

पार्श्वभूमी

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस मनाई असते. हा अनेक माशांचा प्रजननकाळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. महाराष्ट्राच्या सागरी जलधी क्षेत्रातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार होते. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा व साखरीनाटे ही मासेमारीची प्रमुख ठिकाणे आहेत. हर्णैचे बंदर समुद्राला उघडे असल्याने तेथील नौका वादळी हवामानात आंजर्ले किंवा दाभोळ खाडीचा आश्रय घेतात. दाभोळ खाडी हे वाशिष्ठी नदीचे मुख आहे. खेडकडून येणारी जगबुडी नदीही वाशिष्ठीलाच मिळते.

नौका किनाऱ्यावर घेणे

नौका उधाणाच्या भरतीला किनाऱ्याच्या शक्य तितक्या वरच्या भागात आणली जाते. ओहोटी लागल्यावर ती लाकडी ओंडक्यांवर टेकवून दोन्ही बाजूंनी टेकू दिले जातात. तळ जमिनीपासून थोडा उंच राहिल्यास हवा खेळती राहते. तळाला चिकटलेली कालवे व शेवाळ ओली असतानाच खरवडून काढावी लागतात, कारण वाळल्यावर ती अधिक घट्ट होतात. लाकूड पोखरणारे सागरी जीव पाण्याबाहेर फार काळ जगत नाहीत. त्यामुळे लाकडी नौकेला या विश्रांतीचा लाभच होतो. याउलट गोडे पाणी लाकडात मुरल्यास बुरशी धरून ते कुजते.

इंजिनाची शीतकरण यंत्रणा

साठवणीतील सर्वांत नाजूक भाग इंजिन थंड ठेवणारी जलयंत्रणा हा होय. काही इंजिनांत समुद्राचे पाणी थेट इंजिनाभोवती खेळवले जाते. इतर इंजिनांत गोडे शीतक बंदिस्त फिरते आणि उष्णता-विनिमयकात समुद्राचे पाणी त्याची उष्णता घेते. दोन्ही प्रकारांत खाऱ्या पाण्याचा मार्ग असतोच. इंजिन बंद झाल्यावर त्या मार्गात उरलेले पाणी हळूहळू आटते, क्षाराचे थर साचतात आणि धातू गंजतो. दोन महिन्यांत अरुंद नळ्या बुजू शकतात. हा दोष मात्र हंगामाच्या पहिल्याच फेरीत, किनाऱ्यापासून दूर, इंजिन तापून बंद पडल्यावर उघड होतो.

हे टाळण्याचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. समुद्राचे पाणी आत घेणारी झडप बंद करून पंपाची नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडली जाते.
२. इंजिन चालू करून ते नेहमीच्या तापमानाला येऊ दिले जाते. थेट शीतकरणाच्या इंजिनात थर्मोस्टॅट असल्यास तो उघडल्याशिवाय गोडे पाणी सर्व भागांत पोहोचत नाही. पिंपातील पाणी संपण्यापूर्वी इंजिन बंद करावे लागते, कारण कोरड्या पंपातील रबरी चक्र काही क्षणांतच जळते.
३. इंजिनाभोवतीची पोकळी, तेलशीतक, उष्णता-विनिमयक व धूरनळी यांच्या तळाची बुचे उघडून सर्व पाणी बाहेर काढले जाते. बुचाचे छिद्र क्षाराने बुजले असल्यास ते तारेने मोकळे करतात.
४. पंपाचे रबरी चक्र काढून वेगळे ठेवले जाते. ते जागेवरच राहिल्यास त्याची पाती वाकलेल्या अवस्थेत ताठरतात.
५. गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे दांडे तपासले जातात व बरेच झिजले असल्यास बदलले जातात.
६. गाळणी, रबरी नळ्या व त्यांच्या पट्ट्या तपासून धूरनळीचे बाहेरील तोंड बंद केले जाते, अन्यथा पावसाचे पाणी त्यातून इंजिनात उतरू शकते.

जुने वंगणतेल साठवणीपूर्वीच बदलणे हितावह असते, कारण वापरलेल्या तेलातील आम्लयुक्त घटक धातूला इजा करतात.

इंधन व पाण्याच्या टाक्या

अर्धवट रिकाम्या डिझेल टाकीत दमट हवेतील बाष्प थिजून पाणी तळाशी जमते. डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून गाळण्या बुजवतात. म्हणून धातूची टाकी जवळजवळ भरून ठेवतात आणि पाणी वेगळे करणारी गाळणी रिकामी करतात.

पिण्याच्या पाण्याची टाकी मात्र पूर्ण रिकामी करून, धुऊन, कोरडी ठेवावी लागते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास आठवडा-दहा दिवसांत होऊ शकते. मासळी व बर्फाचा कप्पाही धुऊन उघडा ठेवतात. बंद कप्प्यातील कुजलेल्या अवशेषांमुळे प्राणवायू कमी होतो व हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू साचतो. अशा कप्प्यात पुरेसे वायुवीजन केल्याशिवाय उतरणे प्राणघातक ठरू शकते. आत कोणी कोसळल्यास त्याच्या मागोमाग तसेच उतरणाऱ्याचाही बळी जाऊ शकतो.

शाकारणी

पूर्वी नौका नारळीच्या झापांनी शाकारल्या जात. आता प्लॅस्टिकची ताडपत्री सर्रास वापरली जाते. मधोमध आडवा वासा उंच बांधून आच्छादनाला दोन्ही बाजूंनी उतार दिला जातो आणि हवेसाठी टोके मोकळी ठेवली जातात.

आच्छादनाचे महत्त्व साध्या गणिताने लक्षात येते. १ चौरस मीटर पृष्ठभागावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०० लिटर पाणी होते. ५० चौरस मीटरच्या उघड्या नौकेत तेवढ्या पावसाने ५,००० लिटर, म्हणजे सुमारे ५ टन पाणी जमा होईल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून किनाऱ्यावरील नौकेच्या तळाला बूच असल्यास ते उघडे ठेवतात. खाडीत नांगरलेल्या नौकेच्या समुद्राकडील झडपा बंद ठेवून तळातील पाणी नियमित उपसावे लागते.

पर्यावरणीय बाजू

वापरलेले वंगणतेल धोकादायक कचऱ्यात मोडते. तळातील तेलकट पाणी खाडीत सोडल्यास मासळीच्या पिलांना हानी पोहोचते. मुंबई–गोवा महामार्गावरील लोटे येथील रासायनिक उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दाभोळ खाडीत सोडले जाते आणि खाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न तेथील मच्छीमार अनेक वर्षे मांडत आले आहेत. अशा जलाशयात तेलाची भर न घालणे विशेष महत्त्वाचे ठरते.

शीत प्रदेशांतील पद्धती

युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड भागांत नौका व कॅराव्हॅन यांची साठवण हिवाळ्यात केली जाते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व नळ्या फोडते. त्यामुळे तेथे टाक्या रिकाम्या करून, नळ्यांत दाबाची हवा सोडून किंवा गोठणरोधक द्रव भरून यंत्रणा सुरक्षित केली जाते. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने तेथे वर्ज्य असते. कोकण किनाऱ्यावर पाणी गोठत नाही, त्यामुळे त्यासाठी गोठणरोधकाची गरज नसते. नळ्यांत पाणी साचू न देण्याचा नियम मात्र दोन्हीकडे समान आहे.

हंगामाची पुनर्सुरुवात

बंदी संपण्यापूर्वी सांधे भरून रंगकाम केले जाते, रबरी चक्र पुन्हा बसवले जाते आणि सर्व बुचे व झडपा एकेक तपासल्या जातात. तळाचे बूच लावण्यास विसरणे हे नौका पाण्यात उतरताच बुडण्याचे एक कारण असते. इंजिन चालू केल्यावर शीतकरणाचे पाणी बाहेर पडत असल्याची खात्री केली जाते. पाण्याची टाकी क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुक करून खंगाळली जाते. कोळी समाजात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाचे स्वागत करण्याची परंपरा आहे.