ख्रिस्ती आत्मचरित्रे, मराठी
मराठी भाषिक ख्रिस्ती धर्मांतरितांनी आपल्या श्रद्धेचा व आत्मशोधाचा वृत्तांत कथन करणारे लेखन. एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणारी व्यक्ती बहुधा जात, कुटुंब आणि वारसा यांना एकदमच मुकत असे. धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित झाला, तर १८६६ च्या कायद्याने जोडीदाराने सहवास नाकारल्यास विवाहविच्छेदाची तरतूद केली. तथापि, जातीबाहेर पडल्यावर आपण कोण, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. या आत्मचरित्रांचा मुख्य विषय तोच होय.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी बेळगाव येथे १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध होता. त्या मंडळीचे कार्य गुप्तपणे चाले. पदमनजींना मात्र आपली श्रद्धा उघडपणे सांगणे अपरिहार्य वाटू लागले. *अरुणोदय* या त्यांच्या आत्मचरित्रात हा अंतर्गत संघर्ष क्रमाक्रमाने आला आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तरीही त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांची वैचारिक सत्ता मुकाट्याने मान्य केली नाही. आपणास आधी ख्रिस्ती धर्म मिळाला आणि ख्रिस्ताची खरी ओळख काही वर्षांनंतर पटली, असे त्यांनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. बाह्य धर्मांतर आणि आंतरिक प्रतीती यांत त्यांनी केलेला हा भेद महत्त्वाचा आहे. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीक मूळ संहितांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले.

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका यूरोपीय प्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग हा वारकरी परंपरेतील छंद स्वीकारला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परतल्यावरही त्यांनी प्रारंभी सोवळे पाळले. जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याची स्वतःची खात्री पटल्यानंतरच त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. *स्मृतिचित्रे* (१९३४ पासून) या ग्रंथात त्यांनी हे स्थित्यंतर घरगुती मराठीत, विनोदाने आणि निखळ प्रांजळपणे सांगितले. पतीच्या मागोमाग न जाता स्वतःच्या निर्णयाने आलेली श्रद्धा, हे त्यातील स्वत्वाचे मर्म होय.

हे लेखक सवर्ण किंवा सुशिक्षित स्तरांतील होते. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्या बहुसंख्य महार व मांग कुटुंबांचे अनुभव मात्र अशा लेखनात क्वचितच उतरले. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हा माणूस म्हणून मान मिळविण्याचाही मार्ग होता. पण जातीची वागणूक चर्चमध्येही पूर्णतः थांबली नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाच्या कक्षेत पुढे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) आले. ख्रिस्ती आले नाहीत. परिणामी श्रद्धेने दिलेली ओळख आणि शासनाने मानलेली ओळख यांतील अंतर कायम राहिले.