सिद्धांत पास्कलचा, वॉशर मॉडस्लेचा

जुन्या पिकअप ट्रकच्या हायड्रॉलिक क्लचचा एक ठरलेला आजार आहे. पेडल दाबलं की ते काहीही कुरकुर न करता थेट तळाला जातं आणि पाय काढला तरी तिथेच निवांत बसून राहतं. रिव्हर्स टाकायला जावं तर गिअरबॉक्स खर्रर्र करून ओरडतो. अमेरिकेत वीस-तीस वर्षं जुन्या पिकअप घरीच दुरुस्त करणारे लोक भरपूर आहेत, आणि त्यांच्यासाठी हा आजार म्हणजे शनिवार-रविवारची निश्चिती!

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या हजारोंपैकी एक. त्यामुळे डिबगिंग रोजचं, आणि यंत्रांबद्दलचं प्रेम जुनं. या क्लचच्या मागे लागलो आणि निघालो कुठल्या कुठे... थेट सतराव्या शतकात.

आधी रचना सांगतो. पेडलच्या मागे असतो मास्टर सिलेंडर. त्यातला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरमध्ये जातं, तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि क्लच सुटतो. बस्स, एवढंच. पूर्वी हेच काम दांडे आणि लिव्हर करायचे. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर सतत हलत असतं, दांडे झिजतात, त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट बिघडतं. पाइपला या कशाचंच सोयरसुतक नाही, हवा तसा वाकवा.

यामागचा सिद्धांत ब्लेझ पास्कलचा. आपल्या लोकांना पास्कल म्हटलं की आधी निकलाउस वर्थची 1970 ची प्रोग्रॅमिंग भाषा आठवते, पण हा तो मूळ पुरुष. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. भांड्याला दोन तोंडं असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडाशी जोर लावणारा एक माणूस मोठ्या तोंडाशी उभ्या शंभर माणसांची बरोबरी करेल, असं त्याने लिहून ठेवलं. पास्कल 1662 मध्ये गेला आणि हा ग्रंथ 1663 मध्ये छापला गेला. म्हणजे स्पेसिफिकेशन तयार होतं.

आणि इंप्लिमेंटेशन? जोसेफ ब्रामाने लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते 1795 मध्ये. एकशे बत्तीस वर्षांनी!

अडलं होतं कुठे? गणितात तर नाहीच. अडलं होतं फटीत. पिस्टन सरकायचा तर सिलेंडरमध्ये थोडी फट हवीच, आणि फट ठेवली की दाबाखालचं पाणी तिथूनच बाहेर. ती फट गच्च बुजवली तर पिस्टन असा आवळला जायचा की परत यायचं नावच नाही. ब्रामा काही साधा माणूस नव्हता. न फोडता येणाऱ्या कुलपांसाठी आणि सुधारित संडासासाठी तो आधीच प्रसिद्ध होता. पण या गळतीने त्यालाही जेरीस आणलं.

उत्तर सापडलं त्याच्याच कारखान्यात. हेन्री मॉडस्ले, 1789 मध्ये अठराव्या वर्षी कामाला लागलेला पोरगा, जो लवकरच फोरमन झाला. चामड्याचा वाटीसारखा वॉशर बसवण्याच्या युक्तीचं श्रेय त्याला दिलं जातं. पाण्याचा दाब वाढला की वाटीची कड पसरून भिंतीला घट्ट चिकटते, दाब गेला की सैल पडते. म्हणजे गळती करू पाहणारं पाणीच गळती थांबवतं! आजीच्या रॉकेलच्या स्टोचा किंवा सायकलचा पंप उघडून पाहिला असेल तर ही चामड्याची वाटी तुम्ही हातात घेतलेली आहे.

पुढची गोष्ट आयटीवाल्यांना फार ओळखीची वाटेल. 1797 मध्ये मॉडस्लेने पगारवाढ मागितली. आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते. ब्रामा नाही म्हणाला. मॉडस्लेने राजीनामा टाकला आणि स्वतःचं वर्कशॉप काढलं. तिथून त्याचा स्क्रू कापणारा लेथ आला, आणि त्याच्या हाताखालून जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ यांच्यासारखे इंजिनिअर तयार झाले. प्रेसवर नाव मात्र ब्रामाचंच राहिलं. (पेटंट कोणाच्या नावावर, काम कोणाचं... चालू द्या.)

गाडीत हे तंत्र आणलं माल्कम लॉकहीडने. तोच तो, विमानवाल्या अ‍ॅलन लॉकहीडचा भाऊ. त्याला हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट 1917 मध्ये मिळालं, आणि 1921 च्या ड्यूसेनबर्गमध्ये ते ब्रेक चारही चाकांना बसले. आणि अडचण कोणती आली? पुन्हा तीच. चामड्याच्या वाट्या वाळायच्या आणि गळायच्या. 1924 मध्ये क्रायस्लरची पहिली गाडी आली ती रबराच्या वाट्या घेऊन, आणि तिथून या ब्रेकवर लोकांचा भरवसा बसत गेला. तरी फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक घेतले ते 1939 च्या मॉडेलला. तोवर त्यांचा विश्वास पोलादी दांड्यांवर. क्लचला हायड्रॉलिक मिळालं ते ब्रेकच्याच पावलावर पाऊल ठेवून.

आता परत आपल्या रुसलेल्या पेडलकडे. हा इतिहास माहीत असला की बिघाड शोधणं सोपं होतं, कारण संशयित दोनच: हवा आणि वाटी.

पहिलं, टाकीतली पातळी बघा. क्लचची प्लेट झिजते तशी ही पातळी उलट किंचित वर येते. त्यामुळे ती खाली गेली असेल तर गळती आहे, नुसतं टॉपअप करून भागणार नाही. पेडलच्या वर, मास्टर सिलेंडरचा दांडा जिथून येतो तिथे ओल दिसली तर मास्टरची मागची वाटी गेली. स्लेव्हचं रबरी टोपण उचलल्यावर ऑइल आलं तर स्लेव्हची.

पातळी ठीक आहे, पण चार-पाच वेळा पंप केल्यावरच पेडल कडक होतं? बहुधा आत हवा आहे. द्रव दबत नाही, हवा दबते, तुमचा सगळा जोर ती खाते. बाहेर थेंबही नाही, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली सरकतं? मग मास्टरच्या आतल्या वाटीच्या कडेवरून ऑइल मागे पळतंय. आणि स्लेव्हचा दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तर हायड्रॉलिक निर्दोष, दोष क्लचमध्येच. सिस्टिमच्या मध्यावर ब्रेकपॉइंट लावायचा तो हाच.

मात्र काही गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, घंटेसारख्या हाउसिंगच्या आत असतो. 1988 पासूनच्या फोर्ड रेंजरमध्ये अशीच रचना आली. सुटसुटीत आहे, पण दांडा दिसत नाही. लॉग फाइलच नाही! हाउसिंगच्या तळाशी ऑइल ठिबकलं की समजायचं, आणि एका रबरी रिंगसाठी सगळा गिअरबॉक्स उतरवायचा.

आणखी एक. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नका. खनिज तेलाने या वाट्या फुगतात. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरायचे, कारण रबराला एरंडेल मानवतं. आजचं डॉट 3 ग्लायकॉलचं असतं. ते रबराला चालतं, पण हवेतली ओल पितं. कोरडं असताना 205 अंशांना उकळणारं हे ऑइल पाणी प्यायल्यावर 140 पर्यंत खाली येऊ शकतं. आणि त्या पाण्याने सिलेंडर आतून गंजला की वाटीची कड त्यावर घासून फाटते. म्हणून दोन-तीन वर्षांनी ते बदलायचं.

थोडक्यात काय, सिद्धांत साडेतीनशे वर्षांत एकदाही बिघडला नाही. बिघडते ती वाटी. पाठ्यपुस्तकात पास्कलचा नियम असतो, प्रेसवर ब्रामाचं नाव असतं, आणि गाडी चालते ती तीस शिलिंगवाल्या फोरमनच्या युक्तीवर. आपल्याही ऑफिसात आर्किटेक्चरची स्लाइड सगळ्यांना आठवते. गळती कोणी थांबवली, हे कोणाला आठवतं का?

असो. ऑइल तपासा.