खात्याचे नाव आणि कॅमेऱ्यामागचा माणूस

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ असलेल्या वेरिबीचा अर्वाचीन इतिहास सांगू लागणारा मनुष्य बहुधा चर्नसाइड बंधूंनी १८७४ ते १८७७ या काळात उभारलेल्या प्रासादापाशी थांबतो, फार तर मेलबर्न शहराचे सांडपाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या विस्तीर्ण शेतावर सोडण्यात आले त्याची हकीकत जोडतो. परंतु १८५७ साली खुल्या झालेल्या जिलाँगच्या लोहमार्गावरील या सपाट, वाऱ्याच्या मुलखाचा विसाव्या शतकाशी खरा संबंध जडला तो विमानांमुळे. १९१४ साली शेजारच्या पॉइंट कुक येथे ऑस्ट्रेलियाच्या लष्करी वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात खुद्द वेरिबीस एक विमानतळ झाला. आणि आज त्याच विमानतळाच्या जागेवर स्वयंसेवकांची एक मंडळी, जगभरातून सुटे भाग जमवून, अमेरिकन बनावटीचे एक लिबरेटर विमान चिकाटीने पुन्हा उभे करीत आहे. ऑस्ट्रेलियन हवाई दलाकडे अशी २८७ विमाने होती. त्यांतील या एकाचा क्रमांक ए ७२-१७६, आणि त्याच्या नोकरीचा सारा तपशील सरकारी दप्तरात शाबूत आहे.

यंत्राचे दप्तर जितक्या काळजीने राखले जाते तितक्या काळजीने माणसाचे राखले जातेच असे नाही, आणि ज्या माणसाचा धंदाच मुळी दुसऱ्याचे चित्र टिपण्याचा असतो त्याच्या बाबतीत तर हे फारच खरे ठरते. पॉइंट कुकला विमानविद्या शिकून १९२० साली एकाच इंजिनाच्या विमानाने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास पोहोचलेल्या रे पॅररचे नाव या भागात अजून घेतले जाते. त्याच पॅरर घराण्यातील डेमियन हा वृत्तपटकार मात्र, जगातील अत्यंत नावाजलेला चित्रपट पुरस्कार ज्याच्या चित्रणास मिळाला तो असूनही, आपल्या मराठी वाचकांच्या कानावरून सहसा गेलेला नाही. त्याच्या धंद्याची पाळेमुळे मुंबईशी गुंतलेली आहेत, म्हणून आरंभ तिकडूनच केला पाहिजे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकीट लावून, ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखविण्यात आली. ती दाखविणारा फ्रेंच गृहस्थ मारियस सेस्तिए मुंबईचा मुक्काम आटोपून ऑस्ट्रेलियास निघाला, सप्टेंबरात त्याने सिडनीस खेळ सुरू केले, आणि ३ नोव्हेंबर १८९६ रोजी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर, स्थानिक छायाचित्रकार वॉल्टर बार्नेट याच्या साहाय्याने, मेलबर्न कपाची घोड्यांची शर्यत चित्रित केली. न्यूहेवन नावाचा घोडा त्या दिवशी जिंकला. एकच यंत्र चित्र टिपी, त्याची प्रत काढी आणि तेच पडद्यावर दाखवी. एका फितीचा खेळ मिनिटाच्या आत संपे. त्या शर्यतीच्या फितींतील काही भाग आजही पाहावयास मिळतात. म्हणजे मुंबई आणि मेलबर्न या दोन बंदरांस ही विद्या एकाच वर्षी, एकाच हाताने मिळाली, ही गोष्ट आम्हां मेलबर्नच्या परिसरात वस्ती केलेल्या मराठी मंडळींनी तरी विसरता कामा नये.

मुंबईच्या त्या खेळांनी ज्यांना झपाटले त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनी रायली ब्रदर्स या इंग्रज पेढीकडून २१ गिनी मोजून कॅमेरा मागविला, आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. ती फीत धुण्याची सोय येथे नसल्यामुळे विलायतेस पाठवावी लागली. एका भारतीयाने भारतातील प्रत्यक्ष घटना हलत्या चित्रात धरून ठेवण्याचा हा आद्य प्रयत्न होय. पुढे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लरचा बहुमान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईस परतले तेव्हा सावेदादांनी तो प्रसंग टिपला, आणि १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण केले. त्यांच्या फितींपैकी एकही आज उरलेली नाही.

इकडे मेलबर्नमध्ये या कलेला आश्रय मिळाला तो सॅल्व्हेशन आर्मी या धार्मिक संघटनेचा. १८९२ साली तिच्या बर्क स्ट्रीटवरील कचेरीत ‘लाइमलाइट’ नावाचे खाते निघाले. जोसेफ पेरी याच्या देखरेखीखाली आधी प्रकाशचित्रांची व्याख्याने आणि मग चित्रपट तयार होऊ लागले. १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियन राष्ट्रकुलाची स्थापना झाली तो सिडनीतील समारंभ याच खात्याने चित्रित केला. १९१० साली खाते बंद झाले, आणि ज्या देशाने राजकीय जन्माचा क्षणच फितीवर धरून ठेवला होता त्या देशात प्रत्यक्ष घटनेच्या चित्रणाचे काम खाजगी कंपन्यांच्या वृत्तपटांकडे गेले.

डेमियन पॅररचा जन्म मेलबर्नच्या मॅलव्हर्न भागात १ ऑगस्ट १९१२ रोजी झाला. स्पेनहून आलेल्या पित्याच्या दहा अपत्यांतील हा सर्वांत धाकटा. त्याने मेलबर्नच्या एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी केली, मग दिग्दर्शक चार्ल्स शॉव्हेल याच्या चित्रपटांवर काम केले, आणि सिडनीस मॅक्स डुपेन या थोर छायाचित्रकाराच्या सहवासात प्रकाशाचे मर्म जाणून घेतले. १९४० साली सरकारी माहिती खात्याचा छायालेखक म्हणून त्याची तैनाती मध्यपूर्वेस झाली. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमा चित्रित करून जगन्मान्य झालेला फ्रँक हर्ली तेथे पथकाचा प्रमुख होता. हर्लीची दृष्टी भव्य दृश्यावर, ढगांवर, रणगाड्यांच्या रांगांवर. पॅररची दृष्टी माणसाच्या चेहऱ्यावर. युद्ध म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने सैनिकाच्या तोंडाकडे पाहावे, ही त्याची धारणा टोब्रुक, ग्रीस आणि सीरिया येथे पक्की झाली, आणि तिनेच पुढे त्याचा प्राण घेतला.

१९४२ साली जपानी फौजा न्यू गिनीत उतरल्या. कोकोडाच्या डोंगरवाटेवर ऑस्ट्रेलियन पलटणी माघार घेत लढत असता पॅरर त्यांच्याबरोबर चालत होता. त्याच्या हातात न्यूमन-सिंक्लेअर जातीचा, किल्लीने चावी द्यावयाचा कॅमेरा होता. त्यात एका वेळी २०० फूट फीत बसे, म्हणजे जेमतेम सव्वादोन मिनिटांचे चित्रण. शत्रू समोर असताना सव्वादोन मिनिटांनंतर फीत बदलावयाची, पावसाच्या धारांत, चिखलात, भिंगावर बाष्प धरत असताना, ही गोष्ट ज्याने छायाचित्रणाचे काम थोडेफार केले आहे त्यालाच उमजेल. वाटेत त्याला आमांशाने गाठले. अंगावरचे इतर सामान त्याने टाकून दिले, कॅमेरा आणि चित्रित फिती मात्र टाकल्या नाहीत. त्या फितींत तोफा फार नाहीत. घसरत्या उतारावरून जखमींना खांद्यावर वाहून नेणारे पापुअन हमाल आहेत, ताप चढलेले, डोळे खोल गेलेले तरुण आहेत. त्या वाटेवरचे त्याचे एक चित्र विशेष प्रसिद्ध आहे, ज्यात सॅल्व्हेशन आर्मीचा एक अधिकारी वाकून एका जखमी सैनिकाची सिगारेट पेटवून देत आहे. ज्या संघटनेने पन्नास वर्षांपूर्वी मेलबर्नमध्ये चित्रणाचे खाते उघडले तिचाच मनुष्य येथे चित्राचा विषय झाला, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

सिडनीस परतल्यावर सिनेसाउंड कंपनीच्या केन हॉल याने त्या चित्रणातून ‘कोकोडा फ्रंट लाइन!’ हा सुमारे नऊ मिनिटांचा वृत्तपट संपादित केला, आणि सप्टेंबर १९४२ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. हॉलने एक धाडस केले: आरंभी खुद्द पॅररलाच कॅमेऱ्यासमोर उभे करून बोलावयास लावले. घरी सुखाने बसलेल्या जनतेला युद्ध दाराशी आल्याची जाणीव नाही, असे त्याने शांतपणे, कसलाही अभिनिवेश न आणता, सांगितले. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या माणसाचा तो चेहरा आणि तो आवाज त्या वृत्तपटाचे निम्मे बळ आहे, असे माझे मत आहे.

४ मार्च १९४३ रोजी लॉस एंजलिस येथे अमेरिकन अकादमीने अनुबोधपटाचा पुरस्कार चार कृतींस विभागून दिला. त्यांत जॉन फोर्डचा ‘बॅटल ऑफ मिडवे’ होता. फोर्डने तो जपानी हल्ल्याच्या वर्षावात स्वतः जखमी होऊन चित्रित केला होता. फ्रँक काप्राचा ‘प्रेल्यूड टु वॉर’ होता. तो अमेरिकन सैनिकांच्या शिक्षणासाठी मुख्यतः इतरांनी टिपलेल्या फिती जुळवून रचलेला. एक रशियन पट होता, आणि चौथा कोकोडाचा. ऑस्ट्रेलियन चित्रपटास मिळालेला हा पहिला ऑस्कर. युद्धामुळे धातूची टंचाई असल्याने त्या काळी पुतळे प्लास्टरचे देत. फोर्ड आणि काप्रा यांची नावे आधीच सर्वतोमुखी होती. कोकोडाच्या नोंदीत मात्र नाव लागले ते ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वृत्त व माहिती विभागाचे. हॉलचे संपादनकौशल्य कोणी नाकारू नये, आणि खात्याने फीत व प्रवास पुरविला हेही खरे. पण डोंगरवाटेवर आमांशाने खंगत चालला तो विभाग नव्हे.

त्या समारंभाच्या आदल्याच तारखेस, ३ मार्चला, पॅरर कोठे होता हे सांगितले पाहिजे. बिस्मार्क समुद्रावर जपानी गलबतांच्या काफिल्यावर हल्ला चढविणाऱ्या ब्यूफायटर विमानात, वैमानिकाच्या पाठीशी उभा राहून, तो त्याच्या खांद्यावरून चित्रण करीत होता. पुढे सालामाउआच्या लढाईवरही त्याने एक वृत्तपट टिपला. खात्याशी मात्र त्याचे जमेना. भत्त्याचा आणि मोबदल्याचा मामला वारंवार अडकू लागला, आणि ऑगस्ट १९४३ मध्ये त्याने राजीनामा देऊन पॅरामाउंट या अमेरिकन कंपनीच्या वृत्तपट विभागाची नोकरी धरली. मार्च १९४४ मध्ये त्याचा विवाह झाला. त्यानंतर तो अमेरिकन नौसैनिकांबरोबर ग्वामला आणि तेथून पेलेलिउ बेटावर गेला. १७ सप्टेंबर १९४४ रोजी एका रणगाड्याच्या आडोशाने पुढे सरकणाऱ्या तुकडीचे चेहरे समोरून टिपावयाचे म्हणून तो रणगाड्यामागून उलट पावली चालत होता. शत्रूकडे पाठ होती. यंत्रबंदुकीच्या गोळ्यांनी तो तेथेच पडला. वय बत्तीस. मुलाचा जन्म त्याच्या मृत्यूनंतर झाला.

याच १९४४ साली भारत सरकारने ऑस्ट्रेलियात आपला पहिला उच्चायुक्त नेमला, आणि ते गृहस्थ म्हणजे सर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ज्यांचे मुंबईतील आगमन सावेदादांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी फितीवर धरले तेच रँग्लर परांजपे १९४७ पर्यंत कॅनबेरात होते. पॅररच्या फिती कॅनबेरातील युद्धस्मारकाने जतन केल्या. त्याच्यावर पुस्तके झाली. खात्याच्या नोंदीत जे राहून गेले ते पुढच्या पिढ्यांनी परिश्रमाने भरून काढले. आपल्याकडे सावेदादा १९५८ पर्यंत हयात होते. तोवर फिल्म्स डिव्हिजन मुंबईत दहा वर्षे वृत्तपट काढीत होते, आणि दर आठवड्यास देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी ते लोकांनी पाहिले. पण त्यांतील कोणते दृश्य कोणाच्या हातचे हे प्रेक्षकांपैकी कितीजणांस सांगता येईल? पुरात, दुष्काळात, गोव्याच्या मुक्तीच्या वेळी, सीमेवर कॅमेरा घेऊन उभे राहिलेले ते छायालेखक प्रेक्षकांना केवळ खात्याच्या नावानेच ठाऊक राहिले, हा अन्याय आहे असे मी मानतो, आणि तो अजूनही काही अंशी दूर होण्याजोगा आहे.

म्हणून एक विनंती. मुंबई-पुण्यात असोत की येथे वेरिबी-टार्निटच्या नव्या वसाहतींत, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी चित्रपट कंपनीत, फिल्म्स डिव्हिजनमध्ये किंवा हौसेने कॅमेरा चालविला असेल त्यांनी माळ्यावरचे फितींचे डबे एकदा खाली काढावेत. डबा उघडताच सिरक्यासारखा आंबूस वास आला तर फीत नासू लागली आहे असे समजावे. फार जुनी फीत असेल तर ती पटकन पेट घेणारी असू शकते, म्हणून ती दिव्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवावी, आणि घरी चालवून पाहण्याचा मोह टाळावा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथे ती सुपूर्द करावी, आणि सुपूर्द करताना डब्याबरोबर एका कागदावर ती कोणी, कोठे, कोणत्या साली चित्रित केली हे स्वच्छ अक्षरात लिहून द्यावे.